विश्लेषण : पीओपीतले पाणी जाते कुठे, परत येते कसे? तराजू घेऊन बसलेल्या लॅव्हाझिएची गोष्ट

पोळा फुटला की चौथ्या दिवशी गणपती. त्याआधीचा महिना-दीड महिना नागपुरात महालातल्या चितार ओळीत मूर्तिकारांना उसंत नसते. दरवर्षीचा एक वादही तेव्हाच डोके वर काढतो. मूर्ती मातीची की पीओपीची? नियमावली, न्यायालय, महापालिकेची तपासणी, तलावांच्या काठावरचे कृत्रिम टाके, हे सारे एका साध्या गोष्टीभोवती फिरते. मातीची मूर्ती पाण्यात सोडली की तिचा पुन्हा चिखल होतो. पीओपीची मूर्ती महिनोन्महिने तशीच राहते. गंमत अशी की, दोन्ही बनवताना मूर्तिकाराने पाणीच घातलेले असते.

मातीतले पाणी कणांच्या मधल्या फटींत बसते. मूर्ती वाळली की ते उडून जाते आणि पुन्हा पाणी मिळाले की कण सुटे होतात. पीओपीत घातलेल्या पाण्याचे तसे नाही. त्यातला एक ठरावीक वाटा पूड घट्ट झाल्यावर कुठेच जात नाही, तो दगडाचाच भाग होतो. हे पाणी किती, ते आधी दगडातून बाहेर कसे पडले आणि परत कसे शिरले, याचा पहिला चोख हिशेब मांडला आंत्वान लॅव्हाझिए याने. शाळेच्या पुस्तकात द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाजवळ ज्याचे नाव भेटते, तोच हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. हा हिशेब मांडला तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. हिशेबाच्या याच सवयीने त्याला आधुनिक रसायनशास्त्राचा जनक केले. दुसऱ्या एका हिशेबाने त्याचा जीव घेतला, आणि नवल म्हणजे त्या खटल्यातही एक आरोप पाण्याचाच होता.

वकिलाचा मुलगा दगडांकडे कसा वळला?

लॅव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील वकील, घरची परिस्थिती उत्तम. तो पाच वर्षांचा असताना आई गेली. पुढे आजीच्या घरी मावशीने त्याला वाढवले. वडिलांच्या शब्दाखातर त्याने कायद्याची पदवी घेतली, सनदही मिळवली, पण वकिली कधी केली नाही. शाळेतच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने त्याला गणिताची आणि मोजमापाची गोडी लावली होती. रुएल नावाच्या नामवंत प्राध्यापकाच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना तो जात असे. क्षारांच्या स्फटिकात पाणी दडलेले असते, ही कल्पना त्याला तिथेच मिळाली.

दगडांची ओळख करून दिली ती गेतार या भूवैज्ञानिकाने. गेतार घरोब्यातला माणूस. फ्रान्समध्ये कुठे कोणते खनिज सापडते याचा नकाशा करण्याचे वेड त्याने घेतले होते आणि या तरुणाला तो फिरतीवर बरोबर नेई. गेतारची नजर जमिनीवर, लॅव्हाझिएचे लक्ष बरोबरच्या वायुभारमापकाकडे. जाईल तिथे हवेचा दाब टिपून ठेवायची त्याची सवय पुढे आयुष्यभर टिकली.

खनिजे एकेक करून तपासायची असे त्याने ठरवले आणि पहिला मान मिळाला जिप्समला. यात आश्चर्य काही नाही. पॅरिसच्या उत्तरेला माँमार्त्रची टेकडी आहे. तिच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या. हा मऊ दगड भाजून केलेली पूड शहरभर भिंतींना लागायची. लंडनच्या भीषण आगीनंतर, १६६७ मध्ये, चौदाव्या लुईने पॅरिसमधल्या लाकडी सांगाड्याच्या घरांना या पुडीचा गिलावा सक्तीचा केला होता. प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव जगभर गेले ते या शहरामुळे. शेकडो वर्षे गवंडी ही पूड वापरत होते. ती घट्ट का होते, हे मात्र कोणी धड सांगू शकत नव्हते. दगडात आग शिरते, ती पाण्याशी झगडते, अशा धर्तीची उत्तरे तेव्हा चालत.

त्या प्रयोगात नेमके काय केले?

केले ते अगदी साधे. जिप्समचा तुकडा तोलला. बंद भांड्यात तापवला. निघालेली वाफ थंड करून जमा केली. जमा झालेले पाणी तपासले, तर ते शुद्ध पाणीच निघाले, त्यात दुसरे काही मिसळलेले नव्हते. उरलेली पांढरी पूड पुन्हा तोलली. वजनात जी घट आली होती, ती गेलेल्या पाण्याची होती. मग त्याच पुडीत पाणी कालवले. पुडीने पाणी अधाशासारखे ओढून घेतले, ती घट्ट झाली आणि तिच्यात पुन्हा जिप्समचे बारीक स्फटिक तयार झाले. म्हणजे प्लास्टर घट्ट होणे म्हणजे वाळणे नव्हे, तर हरवलेले पाणी परत मिळवून पुन्हा स्फटिक होणे.

२७ फेब्रुवारी १७६५ रोजी त्याने हा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. तो तेव्हा अकादमीचा सभासदही नव्हता. निबंधात नवे रसायन नव्हते की नवे यंत्र नव्हते. नवी होती ती शिस्त. आधी तोला, मग तापवा, मग पुन्हा तोला, आणि मधला फरक कुठे गेला ते दाखवा. दुकानदार रोज रात्री गल्ल्याचा मेळ घालतो, तसा हा मेळ. त्या काळातले कित्येक रसायनशास्त्रज्ञ रंग, वास, चव, धूर यांवरून निष्कर्ष काढत. तराजू त्यांच्याकडेही होता, पण अंतिम शब्द त्याचा नसे.

एक गोष्ट मात्र या मेळात बसली नाही. जिप्सम प्रमाणाबाहेर तापवला की पूड मरते. मग तिच्यात कितीही पाणी घाला, ती ते घेत नाही आणि घट्ट होत नाही. हे त्याने टिपले. कारण मात्र त्याला देता आले नाही.

आजच्या भाषेत हे कसे समजून घ्यायचे?

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू. शाळेत याला स्फटिकजल म्हणतात. मोरचूद तापवल्यावर निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते, तुरटी तव्यावर टाकली की तिची लाही होते, ते याच पाण्यामुळे. जिप्समच्या वजनाचा जवळपास २१ टक्के भाग हे पाणी असते. म्हणजे हातात घेतलेला कोरडा ठणठणीत दगड एक पंचमांश पाणी असतो!

साधारण १२० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला की त्यातले पाऊण पाणी निघून जाते. १०० किलो जिप्समचे ८४ किलो पीओपी उरते. इतवारीतून आणलेल्या पोत्यात असते ती ही पूड. तिला पुन्हा जिप्सम व्हायला किलोमागे १८६ ग्रॅम पाणी पुरते. प्रत्यक्षात ओतण्याजोगा पातळ मसाला हवा म्हणून ६०० ते ७०० ग्रॅम पाणी घातले जाते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पीओपीची मूर्ती दगडापेक्षा हलकी लागते ती त्यामुळे. आणि पाणी परत घेताना पूड उष्णता बाहेर टाकते. हाडाला प्लास्टर घातलेल्या कोणालाही ती ऊब आठवत असेल. भट्टीत दिलेली उष्णता जणू परत मिळते.

हवामान बदलले की हा व्यवहार हळूहळू, न विचारता चालू राहतो. नागपूरच्या पावसाळ्यात पीओपीचे पोते उघडे राहिले तर पूड हवेतली वाफ घेऊन आधीच अर्धवट जिप्सम होऊन बसते. तिच्या गुठळ्या होतात आणि ओतकाम नीट धरत नाही. उन्हाळ्यात नेमके उलटे भय. मातीची भांडी बनवणाऱ्या कारखान्यांत प्लास्टरचे साचे ४५-५० अंशांपेक्षा जास्त तापमानाला वाळवत नाहीत. त्यापुढे कोरड्या हवेत साच्याच्या पृष्ठभागातले स्फटिकजल सुटू लागते आणि तो भुसभुशीत होतो. ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वैदर्भीय मे महिन्यात टिनाच्या शेडखाली साचे ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

आगीत मात्र हाच अवगुण कामी येतो. जिप्समच्या भिंतीला आग लागली की आधी तिच्यातले पाणी उकळून बाहेर पडावे लागते. ते संपेपर्यंत भिंतीची मागची बाजू १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. चौदाव्या लुईचा हुकूम रसायनशास्त्र न कळताही बरोबर होता. मंगळावरही हा खेळ दिसला आहे. क्युरिऑसिटी यानाने खडकाची पूड आपल्या पोटातल्या उपकरणात घेतली, तेव्हा तिच्यातले जिप्सम यानाच्या कोरड्या, उबदार पोटात राहून काही दिवसांतच पाणी सोडत गेले. पॅरिसच्या भट्टीत जे तासांत होते, तेच तिथे आगीशिवाय झाले.

खनिजांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. देशातले नैसर्गिक जिप्सम मात्र जवळजवळ सगळे राजस्थानातून निघते. चितार ओळीतल्या वादाचे मूळ म्हणजे वाळवंटातला दगड आहे.

तराजूने पुढे काय काय उलटवले?

जिप्समनंतर तीनच वर्षांत, १७६८ मध्ये, लॅव्हाझिए अकादमीत दाखल झाला. वय २४. त्याच वर्षी त्याने पाण्यावर दुसरा प्रयोग मांडला. पाणी फार काळ उकळले की तळाशी माती उरते, म्हणजे पाण्याची माती होते, असा जुना समज होता. त्याने काचेच्या बंद भांड्यात १०१ दिवस पाणी उकळत ठेवले. शेवटी तळाशी गाळ दिसलाच. पण भांडे तोलले तर तेही हलके झाले होते. गाळ काचेतून सुटला होता, पाण्यातून नव्हे. शंभर दिवस वाट पाहायची आणि मग भांड्याचेही वजन करायचे, ही चिकाटी त्याच्याच जातकुळीची.

१७७१ मध्ये त्याचे लग्न मारी-आन पोल्झ हिच्याशी झाले. ती १३ वर्षांची, तो २८ वर्षांचा. आजच्या नजरेला हे खटकते, आणि खटकायलाच हवे. पण पुढे ही मुलगी केवळ नामवंताची बायको राहिली नाही. इंग्रजी शिकून तिने ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांचे लेखन नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये आणले. चित्रकार दाव्हिदकडे चित्रकला शिकून प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या आकृत्या काढल्या. त्याच्या ग्रंथातल्या आकृतिपटांवर तिची सही आहे. प्रयोगाच्या नोंदीही ती ठेवत असे.

१७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जळताना हलके न होता जड होतात, हे त्याने तराजूवर पाहिले. जळताना वस्तूतून काहीतरी निघून जाते, हा तेव्हाचा सर्वमान्य सिद्धांत. तराजू सांगत होता की काहीतरी आत येते. जिप्सम पाणी घेतो तसेच जळणारे गंधक हवेतून काही घेते. ते काय, याचा धागा १७७४ मध्ये मिळाला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टले पॅरिसला आला आणि आपल्याला सापडलेल्या नव्या हवेबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलला. स्वीडनमध्ये शीलेलाही ती सापडली होती. लॅव्हाझिएने तिचा अर्थ लावला, तिला ऑक्सिजन हे नाव दिले, पण दोघांना द्यायचे तेवढे श्रेय दिले नाही. पाण्याचा थेंब थेंब मोजणारा हा माणूस उसनवारीच्या हिशेबात मात्र हात आखडता घ्यायचा.

१७७५ पासून बंदुकीच्या दारूच्या सरकारी कारभाराची जबाबदारी त्याच्याकडे आली आणि पॅरिसच्या शस्त्रागारातच त्याने युरोपातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांपैकी एक उभी केली. फ्रान्सला सोरा कमी पडत होता. बंगाल-बिहारचा सोरा तेव्हा इंग्रजांच्या मुठीत गेलेला होता. देशातच सोरा तयार करण्याच्या पद्धती त्याने सुधारल्या.

आणि मग १७८३. तरुणपणी जिप्सममधून निघालेल्या ज्या पाण्याला त्याने शुद्ध म्हटले होते, त्या पाण्यालाच त्याने फोडले. हायड्रोजन जाळला की पाणी मिळते, हे इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिशने पाहिले होते. लॅव्हाझिएने गणितज्ञ लाप्लासबरोबर ते करून दाखवले. नंतर तापून लाल झालेल्या लोखंडी नळीतून वाफ सोडून पाण्याचे दोन वायूही वेगळे केले. ग्रीकांपासून चालत आलेले चार तत्त्वांपैकी एक तत्त्व त्या दिवसापासून तत्त्व राहिले नाही. १७८७ मध्ये त्याने आणि तीन सहकाऱ्यांनी रसायनांना नवी नावे दिली, आणि जिप्समचा कॅल्शियम सल्फेट होण्याचा रस्ता तिथून सुरू झाला. नाव वाचले की पदार्थ कशाचा बनला ते कळावे, ही त्यामागची कल्पना. १७८९ च्या ग्रंथात त्याने ३३ मूलभूत पदार्थांची यादी दिली. त्यात चुनाही होता, पण चुना पुढेमागे फुटेल असा अंदाज त्याने नोंदवून ठेवला. १८०८ मध्ये डेव्हीने चुन्यातून कॅल्शियम वेगळे काढले तेव्हा तो खरा ठरला. ते पाहायला लॅव्हाझिए उरला नव्हता.

मग त्याला मारले कशासाठी?

अकादमीत शिरला त्याच वर्षी, १७६८ मध्ये, त्याने आणखी एक निर्णय घेतला होता. घरच्या पैशातून त्याने फर्म जनराल या खासगी करवसुली कंपनीत वाटा विकत घेतला. ही कंपनी राजाला ठरावीक रक्कम आगाऊ देई आणि मग मीठ, तंबाखू, दारू यांवरचा कर जनतेकडून वसूल करी. वसुलीतले जास्तीचे पैसे कंपनीचे. मिठावरच्या कराने भारतात काय घडवले ते वेगळे सांगायला नको, फ्रान्समध्येही तो तितकाच द्वेषाचा विषय होता. सासरे पोल्झ हेही याच कंपनीचे भागीदार. मोठमोठे तराजू आणि प्रयोगशाळा या कमाईवर उभ्या राहिल्या, हे सत्य नाकारता येत नाही.

कामात तो चोख होता, आणि तेच नडले. माल पॅरिसमध्ये चोरून येतो, जकात बुडते, हे त्याने आकडेमोडीने दाखवले आणि शहराभोवती भिंत बांधून ठरावीक ठिकाणीच नाके ठेवावेत असे सुचवले. १७८० च्या दशकात ती भिंत उभी राहिली. जुन्या जकात नाक्यांच्या रांगा आठवणाऱ्या नागपूरकरांना पॅरिसच्या माणसाचा संताप समजायला जड जाऊ नये. जुलै १७८९ मध्ये बास्तीय पडण्याआधीच लोकांनी हे नाके पेटवले.

शत्रूही जमले होते. मारा या डॉक्टरने अग्नीवर एक सिद्धांत मांडला होता, अकादमीने त्याची दखल घेतली नाही. क्रांतीनंतर मारा वर्तमानपत्र काढू लागला आणि त्याने लॅव्हाझिएवर तोफ डागली. शहराची हवा भिंतीने कोंडली, असाही आरोप झाला. लॅव्हाझिए क्रांतीच्या विरोधात होता असे नाही. दुष्काळात ब्लुआ शहराला धान्यासाठी त्याने पैसे कर्जाऊ दिले होते. शेतीसुधारणेवर तो लिहीत होता. १७९३ मध्ये, भोवती दहशतीचे राज्य सुरू असताना, नव्या दशमान पद्धतीसाठी तो ठरावीक आकारमानाच्या पाण्याचे अचूक वजन करण्यात गुंतला होता. किलोग्रॅमचे माप ठरवायचे होते. पुन्हा पाणी, पुन्हा तराजू.

२४ नोव्हेंबर १७९३ रोजी फर्म जनरालच्या भागीदारांना अटक करण्याचा हुकूम निघाला. काही दिवस लपून राहिल्यावर २८ तारखेला तो सासऱ्यांसह स्वतःहून हजर झाला. तुरुंगातही त्याने काम सुरूच ठेवले. कंपनीवरच्या आरोपांना आकडेवारीसह उत्तर लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर आली.

या आरोपांपैकी एक मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कंपनीने तंबाखूत पाणी मिसळून वजन वाढवले आणि जनतेला लुबाडले, असा तो आरोप. तंबाखू वजनावर विकली जाई, आणि ओलसर पान जड भरते हे कोणत्याही पानठेल्यावर कळते. तपकिरीसाठी तंबाखू तयार करताना पाणी लागतेच, हे भागीदारांचे म्हणणे. किती लागते, किती उडते, किती राहते, याचा हिशेब लॅव्हाझिएहून चांगला कोण देणार? दगडातले पाणी मोजून ज्याने आपले नाव पहिल्यांदा अकादमीपुढे ठेवले, तो तीस वर्षांनी पानातल्या पाण्याचा जमाखर्च जीव वाचवण्यासाठी मांडत होता. हा जमाखर्च कोणी तपासला नाही. न्यायालयाला हिशेब नको होता.

८ मे १७९४ च्या सकाळी खटला चालला आणि त्याच दिवशी निकाल लागून शिक्षाही झाली. आजच्या प्लास द ला काँकॉर्द चौकात २८ जणांना एकामागून एक गिलोटिनखाली नेण्यात आले. सासऱ्यांच्या पाठोपाठ लॅव्हाझिएचा नंबर आला. वय ५०. मृतदेह सामुदायिक खड्ड्यात टाकण्यात आले. प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही, असे न्यायाधीशाने सुनावल्याची कथा जगभर सांगितली जाते, पण तिला समकालीन पुरावा नाही. मेला तो शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, करवसुलीदार म्हणून, हे जास्त खरे. त्या भिंतीचा राग खोटा नव्हता. पण २८ माणसांना एका दिवसात मारून त्या रागाचा कोणता हिशेब पुरा झाला, हेही विचारायला हवे.

मारी-आनचा बाप आणि नवरा एकाच दिवशी गेले. घर, पुस्तके, उपकरणे जप्त झाली. तिलाही काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. पुढच्या वर्षी, राजवट बदलल्यावर, सामान परत आले. सोबतच्या चिठ्ठीत मालकाचा उल्लेख चुकीने शिक्षा झालेला असा होता. नवऱ्याने तुरुंगात छापायला घेतलेले निबंध तिने पुरे करून १८०५ मध्ये प्रसिद्ध केले आणि विकण्याऐवजी शास्त्रज्ञांना वाटले. १८३६ मध्ये ती वारली. लॅव्हाझिएचे तराजू आज पॅरिसच्या कला आणि शिल्प संग्रहालयात आहेत.

त्याला न सुटलेले कोडे कोणी सोडवले?

जास्त भाजलेली पूड मरते कशी, हा २१ वर्षांच्या मुलाने अर्धवट सोडलेला प्रश्न सव्वाशे वर्षांच्या आत सुटला. तो सोडवला दुसऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, आंरी ल शातलिए याने, १८८० च्या दशकात. बारावीच्या मुलांना त्याचे नाव समतोलाच्या तत्त्वामुळे माहीत असते. त्याने जिप्सम हळूहळू तापवत तापमापकावर नजर ठेवली. पारा सरळ चढत गेला नाही. १२८ अंशांजवळ तो थबकला आणि पुन्हा १६३ अंशांजवळ थबकला. म्हणजे पाणी एकदम निघत नाही, दोन हप्त्यांत निघते. पहिल्या हप्त्यात पाऊण, दुसऱ्यात उरलेले पाव. बाजारातली चांगली पूड म्हणजे पहिल्या हप्त्यानंतरचा पदार्थ. तिच्यात अजून ६ टक्के पाणी असतेच. पीओपी पूर्ण कोरडे असते, हा समज त्याने मोडला.

घट्ट होण्याचे कारणही त्याने सांगितले. ही अर्धवट कोरडी पूड पाण्यात जिप्समपेक्षा जास्त विरघळते. ती विरघळली की पाण्यात जिप्समची गर्दी होते, पाण्याला ती पेलवत नाही आणि सुईसारखे स्फटिक बाहेर पडू लागतात. या सुया एकमेकींत अडकतात. मूर्तीला बळकटी येते ती या गुंत्यामुळे. पूड फार तापवली तर आतल्या अणूंची मांडणी घट्ट बसते, ती पाण्यात इतकी सावकाश विरघळते की सुयांची गर्दी होतच नाही. मेलेली पूड ती हीच. ३५० अंशांच्या पुढे भाजलेल्या पुडीचे असे होते.

फुटाळ्याच्या काठावर याचा अर्थ काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित नियमावलीत पीओपीच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या अभ्यास समितीचा अहवाल आला, त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मुभा दिली आणि नैसर्गिक जलस्रोतांतल्या विसर्जनावर निर्बंध ठेवले. कायद्याची ही ओढाताण ज्या गुणधर्मावरून चालली आहे, तो लॅव्हाझिएने दाखवलेलाच आहे. तलावात पडलेल्या मूर्तीला पाण्याची तहान उरलेली नसते. तिचा वाटा तिला साच्यातच मिळालेला असतो. त्यामुळे ती पाण्याशी काही व्यवहार करत नाही, फक्त अतिशय हळू विरघळते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर तोडगा काढला. बेकरीत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती बुडवायची. जिप्समचे रूपांतर खडूसारख्या कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होते आणि द्रावणात अमोनियम सल्फेट हे खत उरते. २०१६ पासून पुण्यात ही पद्धत महापालिकेच्या मदतीने वापरली गेली. इथे पाण्याने नव्हे, रसायनाने काम होते, म्हणून मूर्ती एक-दोन दिवसांत मोडते. रंगांतल्या जड धातूंचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, त्यासाठी रंगच बदलावे लागतात.

नुसत्या पाण्याचे गणित सोपे आहे. एक लिटर पाण्यात साधारण अडीच ग्रॅमपेक्षा कमी जिप्सम विरघळते. घरातली दहा किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला किमान चार हजार लिटर ताजे, हलते पाणी लागेल. कृत्रिम टाक्यात एकाच दिवशी शेकडो मूर्ती येतात. त्या टाक्यातले पाणी पहिल्या काही मूर्तींनंतरच जिप्समने भरून जाते आणि बाकीच्या तळाशी तशाच बसून राहतात.